चौतीस-साठ

कस्तुराने घड्याळाचा खटका मागे ओढला आणि काटा थांबला. दिघीच्या टेकडीआडून ऊन नुकतंच वर येत होतं, भोसरी फाट्यावरच्या टपरीत स्टोव्ह फरफरत होता, आणि दादा वडाच्या बुंध्याला दोन्ही तळवे टेकून, मान खाली घालून उभे होते. पाठीला चिकटलेल्या बनियनखाली बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीतला रविवार. मागच्या चौदा-पंधरा वर्षांतल्या कुठल्याही रविवारसारखा. तिचे वडील फाट्यावरून निघून नाशिक रस्त्याने मोशीच्या बाजूला अडीच मैल धावत जात, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला हात लावत आणि अडीच मैल परत येत. रस्त्यावरचे मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, तरी दादांचे पाच मैल पाचच राहिले. तिकडे त्यांनी कठड्याला हात लावला की नाही हे बघायला कुणी नसे. पण एखाद्या रविवारी कठड्यापाशी बैलगाडी आडवी उभी असली, तर वीस पावलं वळसा घालून ते हात लावूनच परतत आणि त्या गाडीवानाला आठवडाभर नावं ठेवत. इकडे वडाखाली घड्याळ धरायचं काम कस्तुराचं. आता ती सव्वीस वर्षांची झाली होती, पिंपरीला नगरपालिकेच्या वाचनालयात नोकरीला होती, तरी रविवारी पहाटे चपला अडकवून दादांच्या मागोमाग निघत होती. तिने तबकडीकडे पाहिलं. मग घड्याळ उन्हाकडे कलतं करून पुन्हा पाहिलं. 

"किती, माय?" दादांनी मान वर न करता विचारलं.

"चौतीस-साठ."

त्या घड्याळातल्या मिनिटाचे साठ नाही, शंभर भाग होते, आणि घरात सगळे त्याच हिशेबाने बोलत. दादांनी मांडीवर बोटं टेकत मनाशी काही जुळवलं आणि मान हलवली. "म्हंजे अजून एक-चाळीस राह्यले."

टपरीच्या बाकावर भिमाजी बसला होता. तो मूळचा भोसरीचा, दादांच्याच कंपनीत पॅकिंगला, आणि यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होत तेव्हा घाटात, म्हणजे गाड्यांच्या चढाच्या धावपट्टीवर, घड्याळ धरायला गाव त्यालाच बसवी. दादा बाकावर टेकले तसा तो म्हणाला, "ज्योतीराम, पन्नाशी उलटली की राव. आता कुणाच्या मागं लागलायस?"

"माझ्याच."

"त्यो सदतीस वर्साचा व्हता. गेला त्यो गडी."

"गेला कुठं? पुढं हाय," दादा म्हणाले. बशीतल्या चहावर फुंकर घालून त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "एक मिनिट चाळीस पुढं हाय. पाठ दिसती मला त्याची. औंदा गाठतो का न्हाई बघ."

भिमाजी हसला. मग तो औंदाच्या घाटाची गोष्ट सांगायला लागला. बैलांची एक बारी अशी सुटली होती की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, आणि नेमका घड्याळाचा खटका अडकला. "मालक पाया पडाय लागला. म्हनला, समद्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आमी म्हनलं, बघितलं असंल. पन घड्याळ चुकलं की ती बारी धरत न्हाईत. परत जुप."

"मग?"

"परत जुपली. बैल दमल्यालं. तिसरा आला. पन नाव लागलं ते खऱ्या बारीचं लागलं."

दादा मोठ्याने हसले. कस्तुरा हसली नाही. तिच्या मुठीत घड्याळ गरम झालं होतं. चौतीस-साठ. या रस्त्यावर दादा आज जितक्या जोरात धावले तितके आयुष्यात कधी धावले नव्हते. एक्कावन्नाव्या वर्षी, फाटून सांधलेल्या पोटरीवर. हे जगात फक्त तिला माहीत होतं. दादांच्या पुढे कुणाची पाठ नव्हती. रस्ता मोशीपर्यंत मोकळा होता. ती म्हणाली, "दादा."

"काय गं?"

"चहा निवतोय."

त्या घड्याळाने आधी दादांना मोजलं होतं. बीड जिल्ह्यातून ते बासष्ट साली पिंपरीला आले आणि लेथवर लागले, तेव्हा खात्यात दर ठरवायला एक साहेब येई. तो कामगाराच्या पाठीमागे उभा राही, घड्याळ सुरू करी आणि एका नगाला किती वेळ लागतो ते टिपून घेई. तेवढ्यावरून रोजचे नग ठरत. म्हणून घड्याळ सुरू झालं की सगळ्या खात्याचे हात जड होत. हत्यार धार लावायला जाई, हत्यार थंड ठेवणारं कुलंट कमी पडे, कुणाला खोकला येई. दादा सांगत, त्या घड्याळाशी खरं बोललेला माणूस मी पाहिला नाही, मीसुद्धा नाही. पासष्ट साली साहेब नोकरी सोडून गेला, तेव्हा काच तडकलेलं जुनं घड्याळ त्याने दादांना देऊन टाकलं. दादांनी घरी आणून ते फडक्याने पुसलं आणि आईसमोर ठेवलं. "या घड्याळापुढं आता हात आखडायचे न्हाईत," ते म्हणाले. गिरजाबाईंना वाटलं, नवरा जास्त नग काढणार. नवऱ्याने त्याऐवजी कॅनव्हासचे बूट आणले. कंपनीच्या क्रीडादिनी तो पाच मैलांच्या शर्यतीत शेवटून दुसरा आला होता, आणि शेवटून दुसरा येताना त्याला जे काही झालं होतं ते त्याला पुन्हा हवं होतं. काय झालं होतं हे दादांना कधी नीट सांगता आलं नाही. फार खोदून विचारलं तर म्हणत, लेथवर आठ तास मी मशीनचा असतो, पाळी सुटली की घरचा. त्या रस्त्यावर कुणाचाच नसतो. एवढं बोलून लाजत.

सदुसष्ट साली कस्तुरा बारा वर्षांची होती. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी ती वडाच्या मुळावर पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक शाळेच्या कपाटातलं, समुद्रावरच्या प्रवासाचं. त्यात एका जहाजाचं सुकाणू मोडलं होतं आणि पुढे काय होतं ते कळल्याशिवाय तिला मान वर करवत नव्हती. घड्याळ डाव्या हातात होतं. नवं प्रकरण सुरू करताना तिने पाहिलं, बारा मिनिटं झाली होती. प्रकरण संपलं, जहाज किनाऱ्याला लागलं, तिने पुन्हा पाहिलं. बारा-तीस. मोठा काटा हलत नव्हता. वाचता वाचता तिचं नख खटक्याशी खेळत होतं आणि खटका कधीतरी मागे सरकला होता. घड्याळाचा तो खटका असा की मागे ओढला की काटा जागच्या जागी थांबे आणि पुढे सरकवला की तिथूनच पुन्हा चाले, मध्ये काही झालंच नाही अशा थाटात. तिने तो पुढे सरकवला.  सांगू, असं तिने ठरवलं. दादा आले की लगेच सांगू.

पण दादा आले ते नेहमीसारखे नाहीत. दुरूनच त्यांचे हात सैल दिसत होते, पाय रस्त्याला लागताहेत की नाही कळू नये असे पडत होते, आणि ते हसत होते. तेव्हा फाट्यावर कारखाने नव्हते. काटेरी तारांचे रिकामे प्लॉट, त्यांत तुरे आलेलं गवत, आणि त्या सगळ्यातून आपला बाप हसत येतो आहे. वडाला हात टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "किती?" तिने खटका मागे ओढला आणि तबकडीवर जे होतं ते वाचलं. "तेहेतीस-वीस." ते वाचताना ती खोटं बोलत नव्हती. घड्याळ तसंच म्हणत होतं. दादांनी तिला कधी नाही ते उचललं, वडाखाली दोन गिरक्या घेतल्या, भोसरीच्या बाजारातून जिलबी घेतली आणि चाळीत दारोदार आकडा सांगितला. त्या वर्षी त्यांचा वेळ दर आठवड्याला उतरतच होता. आज चांगला चार मिनिटांनी उतरला, यात कुणाला वावगं वाटलं नाही. त्यांना तर नाहीच. आज अंगात काहीतरी आलं होतं हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत तेहेतीस-वीस चाळीतल्या खांबासारखं पक्कं झालं होतं आणि कस्तुराच्या तोंडात जिलबीचा पाक आंबट होत होता. पुढच्या रविवारी छत्तीस-नव्वद झाले. दादांनी घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं. "मागल्या खेपंला काही चुकलं तर नव्हतं, माय?" ती म्हणाली, "नाही." पहिल्या वेळी ती नुसती गप्प राहिली होती. हे 'नाही' मात्र तिचं स्वतःचं होतं. दादा म्हणाले, "मग रात्रीचं जेवण जड झालं असंल."

त्यानंतर तो सदतीस वर्षांचा गडी सतत दादांच्या पुढे राहिला. त्याला गाठायला ते आठवड्यातून चार दिवस धावू लागले, मग सहा दिवस. पहिल्या पाळीच्या आधी धावून येत, डबा घेत, आठ तास लेथपाशी उभे राहत. त्र्याहत्तर सालच्या श्रावणात पोटरी दुखायला लागली. गिरजाबाई वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक देत आणि म्हणत, "तेहेतीसच्या नादात पाय घालवाल एक दिवस. ते तेहेतीस काय भाकरी देतेत का?" दादा म्हणत, "याच पायांनी काढलेत ते. दुसऱ्याचे असते तर गोष्ट येगळी." कस्तुरा तेव्हा अठराची, कॉलेजात. पलीकडे कॉटवर पुस्तक उघडं ठेवून ती ऐकत असे. कबुली देणारी माणसं तिने पुस्तकांत पुष्कळ वाचली होती. ती बोलत, रडत, हलकी होत, आणि तिथे प्रकरण संपे. या घरात बोलल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळ होणार होती, दादा चहाला बसणार होते आणि त्यांच्या हातातून एकच चांगली गोष्ट आपण काढून घेतलेली असणार होती. तिला वाटे, आणखी थोडे चांगले धावले की सांगू. तिने पुढच्या आकड्याची वाट पाहिली आणि पुढचा आकडा आला की त्याच्या पुढच्याची.

भाद्रपदातल्या एका रविवारी चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, तरी दादा परत आले नाहीत. ती वडाखाली उभी होती. घड्याळातल्या छोट्या तबकडीचा काटा तीस मिनिटांची एक फेरी संपवून दुसरी संपवून तिसरीला लागला. थांबवायचं की नाही हे तिला कळेना. शेवटी गवताच्या गाडीवर मागच्या बाजूला पाय सोडून बसलेले दादा दिसले. एक पाय सरळ लाकडासारखा पुढे होता आणि चेहरा राखेसारखा. त्यांनी हात केला. "थांबव, माय," ते म्हणाले. "आजचं धरू नको." पोटरीचा स्नायू फाटला होता. कंपनीच्या डॉक्टरने धावणं बंद करायला सांगितलं, कायमचं. चार महिने दादा लंगडत कामावर गेले. रविवारी सकाळी ते दारात बसून रस्त्याकडे बघत. त्या चार महिन्यांत कस्तुराने त्यांच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

पण पुढच्या संक्रांतीनंतर ते उठले. त्या वर्षाची आठवण आली की इतक्या वर्षांनी अजून कस्तुराचा श्वास मोकळा होई. रस्त्याकडेला विजेचे नवे खांब आले होते. एक खांब धावायचा, दोन चालायचे, असं त्यांनी ठरवलं. कस्तुरा शेजारून सायकलवर असे. इतक्या हळू सायकल चालवता येत नाही, ती पडे, आणि दादा कमरेवर हात ठेवून हसत. महिन्याने दोन खांब धावायचे, एक चालायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी चालायचे खांब संपले. धावताना ते आता बोलत असत. शेतांत नवी उठलेली कारखान्यांची छपरं दाखवून कुठे काय बनतं ते सांगत, आणि मध्येच गप्प होऊन आपल्याच पावलांचा आवाज ऐकत. "आधी मी रस्त्याला लाथा मारत होतो," एकदा ते म्हणाले, "आता रस्ता देतो तेवढं घेतो." हळू धावायला शिकले आणि त्या हळूपणातूनच कुठूनतरी वेग परत आला. एकोणचाळीसचे अडतीस झाले, सदतीस झाले. ऐंशीच्या पावसाळ्यानंतर एकदा पस्तीस-दहा. दर वेळी दादा मांडीवर बोटं टेकत आणि म्हणत, अजून इतके राहिले. दर वेळी तिच्या ओठांवर शब्द येई. आणि मग तो जानेवारीतला रविवार, चौतीस-साठ, आणि निवणारा चहा.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहिल्या पाळीला सायकलवरून जाताना फाट्याच्या वळणावर मागून आलेल्या ट्रकने दादांना उडवलं. त्या दिवसाबद्दल कस्तुरा याहून जास्त कुणाशी बोलली नाही.

घर भरलं आणि रिकामं झालं. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, बीडकडचे पाहुणे एसटीने परत गेले. महिनाभरात भिमाजी आणि कामगारांच्या क्रीडा समितीचे दोघे-तिघे आले. त्यांच्यात फिटिंगमधला विलास होता, चोवीस वर्षांचा, उंच, बोलताना पायावर पाय चोळणारा. समितीने ठरवलं होतं, पाच मैलांची शर्यत आता कंपनीच्या मैदानाऐवजी दादांच्या रस्त्यावर घ्यायची, फाट्यापासून मोरीपर्यंत आणि परत. ढाल लावायची. वडाला पत्र्याची पाटी ठोकायची. पाटीवरचा मजकूर त्यांनी कागदावर लिहून आणला होता: 'कालकथित ज्योतीराम शिरसाट यांचा विक्रम, ३३.२०, सन १९६७. हा मोडील त्याची ढाल.'

"आकडा बराबर हाय न्हवं, बाई?" भिमाजीने विचारलं. "घड्याळ तुझ्याच हातात व्हतं म्हनून इचारतो."

आईने आतून चहाचे कप आणले. कस्तुराने कागद हातात धरला होता. ती म्हणाली, "दोन दिवसांनी सांगते."

निघताना विलास दारात रेंगाळला. "ताई, दादा तेव्हा सराव कसा करायचे? मी दोन्ही वेळा धावतोय. सदतीसच्या खाली येत नाही. पोटरीत कळ येते मधूनमधून, पण सोडणार नाही. त्यांनी काढले ना तेहेतीस, साध्या कॅनव्हासच्या बुटांवर?" हे सांगताना त्याच्या डोळ्यांत जो उजेड होता तो कस्तुराने ओळखला. त्र्याहत्तरच्या श्रावणात तो या घरात रोज दिसत होता.

ती दुपारी वाचनालयात गेली. समुद्रावरच्या प्रवासाचं ते पुस्तक तिथेही होतं. नोकरीला लागल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. कपाटातून काढून तिने ते प्रकरण शोधलं. चार पानं होती, बारीक टायपाची. समोर घड्याळ ठेवून, ओठ हलवत, बारा वर्षांची मुलगी वाचील तसं तिने ते वाचलं. सुकाणू मोडलं, माणसं रडली, जहाज किनाऱ्याला लागलं. जवळजवळ चार मिनिटं. म्हणजे त्या दिवशी दादा सदतीस मिनिटांत आले होते. आधीच्या रविवारी आले होते तसेच, पुढच्या रविवारी आले तसेच. एवढंच होतं. चौदा वर्षं जे भूत तिने उरात सांभाळलं होतं त्याची लांबी चार पानांची होती.

घरी येऊन तिने पत्र्याच्या ट्रंकेतली कॅलेंडरं काढली. दादा दर रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने वेळ लिहीत, आणि वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून, सुतळी बांधून ठेवत. तिने ती जमिनीवर ओळीने उलगडली, कोपऱ्यांवर आईच्या वाट्या ठेवल्या. सदुसष्टपासून एक्क्याऐंशीपर्यंत ती गुडघ्यांवर सरकत गेली. ऑक्टोबरातल्या त्या एका चौकोनावर तिने अंगठा ठेवला, आकडा झाकला, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. आणि तिला दिसलं. त्या एका आकड्यामुळे हे सगळं उतरणीचं आयुष्य वाटत होतं. तरुणपणी एकदा शिखरावर जाऊन आलेला, मग उरलेली वर्षं पायथ्याशी धडपडणारा माणूस. अंगठ्याखाली तो आकडा नाहीसा झाला आणि सगळी वाट चढाची झाली. मध्ये एक खड्डा होता, त्र्याहत्तरचा, रिकाम्या चौकोनांचा. त्यातून वर येऊन, चढत चढत, दादा शेवटच्या रविवारी सगळ्यांत वर पोचले होते. आई भाकरी थापता थापता दारात येऊन उभी राहिली. "काय बघतीस गं येवढं?" कस्तुराला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसत होती. "दादा," ती म्हणाली, "फार पळाले गं, आई."

दोन दिवसांनी तिने भिमाजीला निरोप दिला, पाटी शर्यतीच्या दिवशी रंगवू, आकडा आणि साल मी तिथेच सांगते. भिमाजीने का म्हणून विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या रविवारी वडाखाली चाळीसएक धावणारे जमले. कुणी अनवाणी, कुणी कंपनीच्या बुटांत. विलासने पोटरीला पट्टा बांधला होता. कर्णा वडाच्या फांदीला टांगला होता, खाली चटईवर बायका, त्यांत गिरजाबाई, पदर डोक्यावर, मांडीवर पातेलंभर गूळपाणी. भिमाजी रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन पाटीपाशी उभा होता. बाकीची अक्षरं रंगवून झाली होती, आकड्याची आणि सालाची जागा कोरी होती. समितीतल्या कुणीतरी कस्तुराच्या हातात माइक दिला. दिघीच्या टेकडीआडून ऊन वर येत होतं. तिच्या दुसऱ्या हातात घड्याळ होतं आणि बोट खटक्यापासून लांब होतं.  चार शब्द बोलून ती झेंडी दाखवील, असंच सगळ्यांना वाटत होतं. तिचे पाय थरथरत होते. दादांचे पाय निघण्याआधी असेच थरथरत, आणि ते म्हणत, हे भ्याचं न्हाई माय, हे पाय तयार झालेत.

"तेहेतीस-वीस खरं नाही," कस्तुरा म्हणाली. कर्ण्यातून आवाज रस्त्यापलीकडे जाऊन परत आला. "त्या दिवशी घड्याळ माझ्याकडे होतं. मी पुस्तक वाचत होते. माझ्या हाताने खटका मागे गेला आणि घड्याळ जवळजवळ चार मिनिटं बंद होतं. मी ते पुन्हा सुरू केलं आणि कुणाला सांगितलं नाही. दादांनी विचारलं तेव्हाही नाही म्हटलं. चौदा वर्षं ते त्या आकड्यामागे धावले. त्यांची पोटरी त्याच्यापायी फाटली."

 गिरजाबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. वाऱ्याने वडाची दोन पानं पाटीवर वाजली. मग भिमाजीने कुंचला डब्यात उभा केला आणि घाटात विचारावं तशा आवाजात विचारलं, "म्हंजी ती बारी धरायची न्हाई?"

"नाही."

"मग खरी कंची?"

"गेल्या महिन्यातली. ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची. चौतीस-साठ."

"घड्याळ?"

"माझ्याच हातात."

"खटका?"

"बोट लांब ठेवलं होतं, काका. सदुसष्टपासून लांबच ठेवते."

भिमाजीने तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि धावणाऱ्यांकडे वळून म्हणाला, "ऐकलं का रं? एक्कावन्नाव्या वर्सी. फाटक्या पायावर. तुमी समदी पोरं हायसा अजून." ओळीतून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि विलास खाली वाकून पोटरीचा पट्टा सैल करू लागला. भिमाजीने पाटीवर तीन काढला आणि त्याच्याशेजारी चार.

कस्तुरा अजून माइक धरून होती. तिच्यासमोर रस्ता मोशीच्या दिशेने सरळ जात होता. दोन्ही बाजूंना छपरं, खांबांची रांग, आणि पार टोकाला, जिथे मोरीचा कठडा असायला हवा तिथे, नुसतं ऊन. एकही पाठ दिसत नव्हती. तिने माइक खाली केला, कारण आता जे सांगायचं होतं ते कर्ण्यातून सांगायचं नव्हतं. तरी ती स्पष्ट बोलली, आणि पहिल्या ओळीतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

"दादा, पुढे कुणीच नव्हतं. तुम्हीच सगळ्यांच्या पुढे होतात."